नऊ दिवसांचा बुरूज, नऊ पानांचा पास

कानामात्रा:

मी छपाईला जाणाऱ्या पुस्तकांची मुद्रितं तपासते. मोबदला पानामागे मिळतो. मजकूर बरा असेल तर एका पानाला बारा मिनिटं, म्हणजे तासाला पाच पानं. हे आधीच सांगून ठेवते, कारण इतक्या वर्षांत सवयच लागलीय, कुठलीही किंमत दिसली की मनातल्या मनात तिची पानं होतात.

तर, चौदा महिन्यांपूर्वी किल्ला बांधायचा एक खेळ फोनवर घेतला. नाव मुद्दाम लिहीत नाही, खेळणारे ओळखतीलच. आजवर त्यात एक छदामही भरलेला नाही. क्लॅनमध्ये, म्हणजे खेळातल्या आमच्या टोळीत, आम्ही तिघं 'फुकटे' आहोत आणि हा शब्द आम्हीच मिरवतो. माझा मुख्य बुरूज आता अशा लेव्हलला आलाय की पुढच्या अपग्रेडला नऊ दिवस लागतात. नऊ दिवस तो परांच्यांआड झाकलेला, आणि तेवढ्या काळात तो बाणही मारत नाही. त्यामुळे रोज कोणी ना कोणी येऊन माझं कोठार धुऊन नेतं.

महिन्याचा पास घेतला तर बांधकामाचा वेळ एक पंचमांशाने कमी होतो. नऊ दिवसांचे सात दिवस आणि पाचेक तास. पासची किंमत माझ्या नऊ पानांएवढी, म्हणजे पावणेदोन तास काम आणि वर तीन मिनिटं. गेले सहा महिने मी हा पास बघते आणि पुढे जाते.

काल मात्र दुसरा हिशेब केला आणि झोप उडाली. फोनच्या म्हणण्याप्रमाणे मी या खेळात दिवसाला सरासरी पन्नास मिनिटं असते. महिन्याचे झाले पंचवीस तास. सव्वाशे पानं! ज्याला मी चौदा महिने फुकट म्हणतेय तो खेळ महिन्याला सव्वाशे पानं खातोय आणि मी नऊ पानांवरून घासाघीस करतेय. कागदावर मांडल्यावर पास न घेणं शुद्ध वेडेपणा वाटतो. तरी 'खरेदी करा'वर बोट जात नाही.

हा चिकटपणा की शहाणपण? ज्यांनी पैसे भरलेत त्यांनी सांगा, भरल्यावर वेळ खरंच वाचला का? दुकानातल्या ऑफरचं नका सांगू. 'शेवटची संधी' म्हणून आलेली एक ऑफर दोन महिन्यांत तिसऱ्यांदा आलीय. ते शब्द मी 'शेवटचं मुद्रित'इतक्याच गांभीर्याने घेते.

रातघुबड:

ताई, गुणाकार बरोबर आहे, दर चुकलाय.

मी रात्रपाळीला कंट्रोल रूममध्ये बसतो. पहाटे तीन ते पाच, यंत्रं नीट चालत असतील तर काम काहीच नाही, फक्त जागं राहायचं. त्या दोन तासांना बाजारात काय भाव आहे? ते घेऊन मला कोणी पानं देणार नाही. तुमची पन्नास मिनिटंसुद्धा एकगठ्ठा नसणार. दोन मिनिटं लिफ्टमध्ये, चार रांगेत, तीन फाइल उघडेपर्यंत. अशा सुट्ट्या वेळाची नोट करून कोणी देत नाही. त्यामुळे सव्वाशे पानं खातो म्हणू नका, फार तर वीस-पंचवीस खाल्ली असतील.

आता पैशांचं. मी भरतो, लाजत नाही. पण एक नियम आहे आणि तो बरीच वर्षं टिकलाय: कायम राहील तेच घ्यायचं, वापरलं की संपेल ते नाही.

उदाहरण क्लॅश ऑफ क्लॅन्सचं देतो, तिथले आकडे पाठ आहेत म्हणून. तिथे जेम्स, म्हणजे खेळातले हिरे, देऊन वेळ उडवता येतो. एका तासाला २० जेम्स, पूर्ण दिवसाला २६०, आठवड्याला १०००. नीट बघा. तासाचा दर धरला तर दिवसाचे ४८० व्हायला हवे होते, आठवड्याचे ३३६०. जितका मोठा वेळ तितका स्वस्त. म्हणून लोकांना वाटतं की लांबलचक अपग्रेड उडवण्यातच फायदा. कसला फायदा! हजार जेम्स गेले आणि त्याच्यामागचं अपग्रेड तोंड वासून उभंच.

त्याच जेम्समध्ये बिल्डरची, म्हणजे बांधकाम करणाऱ्या कारागिराची, झोपडीही येते. तिसरी ५०० ला, चौथी १००० ला, पाचवी २००० ला. झोपडी घेतली की तो माणूस खेळ आहे तोवर तुमचा. म्हणजे एक आठवडा उडवायच्या किमतीत चौथा बिल्डर कायमचा. आणि हे जेम्स झाडंझुडपं नि दगड काढूनही मिळतात, एकेकामागे ० ते ६, मधूनच उगवणाऱ्या जेम बॉक्समधून २५. माझा चौथा बिल्डर झुडपांवर आला. पाचवा पैसे भरून घेतला, तोवर झुडपांचा वीट आला होता.

अजून एक लक्षात ठेवा. त्या खेळात पूर्वी सैन्य तयार व्हायला वेळ लागायचा आणि लोक तोही वेळ जेम्स देऊन उडवायचे. मार्च २०२५ मध्ये तो वेळच काढून टाकला. आता सैन्य सगळ्यांचंच लगेच तयार. दार ज्याने लावलंय तो उद्या ते काढूही शकतो. मग काल दार उघडायला दिलेले पैसे कशाचे? बिल्डर मात्र आजही कामावर आहे.

तर महिना संपल्यावर तुमच्या पासमधून काय उरतं ते बघा. काहीच नसेल तर सोडा. कायमचा कारागीर दिसला तर नऊ काय, पंधरा पानं द्या.

साधासरळ:

खेळ काढून टाका. पंचवीस तास वाचले आणि नऊ पानंही. विषय संपला.

कानामात्रा:

@साधासरळ, म्हणजे पुस्तकात चुका फार आहेत, छापूच नका, असं झालं.

@रातघुबड, सुट्ट्या वेळाचं पटलं. मी नेमकी फाइल उघडेपर्यंतच खेळते. कारागीर आमच्या दुकानातही आहे, अकरा पानं.

शक्यताशक्यता:

रातघुबड यांचा नियम चांगला आहे पण त्याला एक भोक आहे. कायमची वस्तू बंद पेटीत घालून विकली तर? मिळाली की कायमची तुमची, पण मिळेलच असं नाही. माझे सगळे पैसे त्या भोकातून गेले, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी साधं गणित. '१ टक्का शक्यता' वाचलं की माणूस मनात धरून चालतो, शंभरदा उघडलं की एकदा मिळणारच. ०.९९ ला स्वतःनेच शंभरदा गुणा. उत्तर ०.३७ च्या आसपास येतं. म्हणजे शंभर जणांनी प्रत्येकी शंभर पेट्या उघडल्या तर साधारण सदतीस जण रिकाम्या हाताने परत. आणि वाईट म्हणजे एकशेएकाव्या पेटीलाही शक्यता तीच १ टक्का. पेटीला तुमच्या आधीच्या शंभर पेट्यांचं सोयरसुतक नसतं.

म्हणून काही खेळ हमी देतात, तिला सगळे 'पिटी' म्हणतात. गेन्शिन इम्पॅक्टमध्ये पाच ताऱ्यांचं पात्र एका विशमध्ये (तिथली पेटी उघडणं म्हणजे विश) निघायची मूळ शक्यता ०.६ टक्के आहे आणि ९० व्या विशला ते नक्की निघतं. पण निघालेलं पात्र बॅनरवरचंच, म्हणजे त्या वेळी जाहिरात चाललेलंच, असेल असं नाही. पहिल्या खेपेला भलतंच कोणी निघू शकतं, त्यानंतरचं मात्र हवं तेच. म्हणजे नशीब पूर्ण फिरलं तर १८० विश. एका विशला १६० प्रिमोजेम्स (तिथलं चलन), एकूण २८,८००. रोजच्या ठरलेल्या कामांचे मिळतात ६०. भागाकार करा, ४८० दिवस! इव्हेंट आणि नव्या नकाशांमधून पुष्कळ जास्त मिळतात, त्यामुळे प्रत्यक्षात इतके दिवस लागत नाहीत. पण बॅनर साधारण तीन आठवड्यांत उतरतो आणि ही दोन मापं एकमेकांशेजारी ठेवली की दुकानाकडे पाय का वळतात ते कळतं. तिथे वेळ देऊन मिळवणारेही आहेत. ते दोन-दोन बॅनर सोडून देतात आणि साठवत राहतात. मला ते जमलं नाही. मला दर वेळी समोरचं पात्रच हवं असायचं.

संच पुरा करायचा प्रकार तर याहून वाईट. समजा दहा चित्रं आहेत, सगळी निघायची शक्यता सारखी, आणि दहाही जमली की बक्षीस. सरासरी किती पेट्या लागतील? २९. त्यातल्या १० एकट्या शेवटच्या चित्रासाठी. पहिली पाच-सहा पटापट येतात, माणूस खूश होतो, आणि नववं आल्यावर खरी वाट लागते, कारण आता सोडवतही नाही. जपानमध्ये याला 'कम्प्लीट गाचा' म्हणत. तिथल्या ग्राहक व्यवहार यंत्रणेने २०१२ मध्ये तो बेकायदा ठरवला. बेल्जियमने २०१८ मध्ये पैसे घेऊन उघडायच्या अशा पेट्या जुगारात धरल्या. आणि डिसेंबर २०१७ पासून ॲपलचा नियम आहे की पेटी विकायची तर आत काय निघायची किती शक्यता ते खरेदीआधी दाखवायला हवं. ते एका बारीक अक्षरांच्या पानावर असतं. कानामात्रा, तुम्ही तर बारीक अक्षरांच्याच माणूस. ते पान वाचल्याशिवाय पेटीला हात लावू नका.

पास त्या मानाने सरळ आहे. काय मिळणार ते आधी दिसतं. माझं मत, घ्या.

दोन_मुलांचा_बाबा:

विषयाला थोडं सोडून. फोन घरात आणखी कोणाच्या हातात जात असेल तर प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागायची सेटिंग आधी चालू करा, मग पासचं ठरवा. पूर्वी आयफोनमध्ये एकदा पासवर्ड टाकला की पंधरा मिनिटं पुन्हा न विचारता खरेदी व्हायची. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनसोबत २०१४ मध्ये झालेल्या समझोत्यात ॲपलने मुलांनी केलेल्या अशा खरेद्यांचे किमान सव्वातीन कोटी डॉलर परत करायचं मान्य केलं. आमच्या घरी धाकट्याने एका रात्रीत ड्रॅगनच्या अंड्यांचे बारा पॅक घेतले होते, दुसऱ्याच एका खेळात. अंडी अजून उबवतोय तो.

पडद्यामागची:

मी चार वर्षं एका छोट्या गेम स्टुडिओत होते. तो स्टुडिओ आता नाही, त्यामुळे कोणाचं गुपित फोडत नाहीये. माझं काम होतं 'इकॉनॉमी'. नाव भारदस्त आहे. प्रत्यक्षात मी एक मोठी एक्सेल शीट भरायचे: इमारत, लेव्हल, खर्च, वेळ.

कानामात्रा, तुमच्या बुरुजाला नऊ दिवस कुठल्याही गवंड्यामुळे लागत नाहीत. कोणीतरी माझ्यासारखीने एका चौकटीत ९ लिहिलं म्हणून लागतात. २ लिहिलं असतं तर दोन लागले असते. मी पहिल्या लेव्हलला तीस सेकंद लिहायचे, नवीन माणसाला वाटावं वा, किती भरभर बांधतोय. मग दहा मिनिटं. मग दोन तास. पहिली आठ तासांची अडवणूक कुठे ठेवायची यावर तर आमच्याकडे दोन दिवस वाद झाला. फार लवकर ठेवली तर माणूस खेळ काढून टाकतो. उशिरा ठेवली तर दुकानात जायचं कारणच उरत नाही.

मग पहिला पॅक. अगदी स्वस्त आणि त्यात ढीगभर सामान. आवळा देऊन कोहळा काढायचा प्रकार. ज्याने कधीच भरले नाहीत आणि ज्याने एकदा का होईना भरलेत, ती दोन वेगळी माणसं असतात. पहिल्याला दुसरा करणं एवढंच त्या पॅकचं काम. तुमचं बोट सहा महिने अडतंय ना, ते नेमकं त्या उंबरठ्यावर अडतंय.

शिल्लक हीसुद्धा योजून ठेवलेली असते. वस्तू १२० हिऱ्यांची, पॅक मात्र १०० चा आणि २५० चा. तुम्ही २५० चा घेता, दोन वस्तू होतात, १० हिरे उरतात. ते १० पुढच्या पॅककडे बघत बसतात.

फुकट्यांबद्दल दोन शब्द. बहुतेक खेळाडू कधीच काही भरत नाहीत हे स्टुडिओला पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं, त्याचा कोणी राग धरत नाही. थोडे लोक भरपूर भरतात, त्यांना आमच्याकडे 'व्हेल' म्हणायचे, आणि त्या व्हेलला पोहायला समुद्र लागतो. मोठी तोफ घेतली तर ती कोणावर तरी डागायला हवी. तुमचं कोठार रोज धुऊन नेणारा जो आहे त्याच्या पैशांचं चीज तुमच्यामुळे होतंय. तेव्हा उपकार वगैरे मानू नका कोणाचे.

आणि पास. शक्यताशक्यता म्हणतात तो सरळ आहे, आणि पेट्यांच्या तुलनेत आहेच. पण त्याची रचना बघा. पैसे आधी द्यायचे आणि माल रोज थोडा थोडा, कामं करून सोडवून घ्यायचा. वीस लढाया करा, पाच वेळा दान करा, अमुक शिडीवर चढा. महिनाअखेर जे सोडवलं नाही ते बुडालं. आमच्या खेळात पास आला तेव्हा पुढच्या मिटिंगमध्ये विक्रीच्याही आधी प्रश्न आला, 'पासवाले दिवसातून किती वेळा येतायत?' जास्त वेळा येत होते. पैसे भरलेत म्हटल्यावर वसूल नको करायला? मी स्वतः अजूनही खेळते, एकही पास घेत नाही. शब्दकोड्याच्या एका खेळात जाहिराती कायमच्या काढायला एकदा पैसे भरले, तेवढेच.

बंद_दुकान:

माझा खेळ गेल्या वर्षी बंद झाला. तीन महिने आधी सूचना आली, मग एक दिवस सर्व्हर गेला. सहा वर्षांचं खातं. घेतलेलं सगळं 'वापरायचा परवाना' असतं, मालकी नाही, हे अटींमध्ये पहिल्यापासून लिहिलेलं होतं. वाचलं कोणी?

पैसे बऱ्यापैकी गेले होते. त्यांचं फारसं काही वाटलं नाही, गंमत आली तेव्हाच वसूल झाले. सलग १,४११ दिवसांचं लॉगिन मात्र लागलं मनाला. लग्नाच्या दिवशीही केलं होतं, मांडवामागे उभं राहून. बायकोला अजून माहीत नाही. ती इथे वाचत नसावी.

रातघुबड यांच्या 'कायम'ला एवढीच पुरवणी.

रातघुबड:

@बंद_दुकान, मान्य. 'खेळ आहे तोवर' असं मी लिहिलं होतं खरं, पण ते तेवढं सहज लिहायची गोष्ट नाही.

कानामात्रा:

आठ दिवस गप्प होते कारण वही ठेवत होते. फोन नुसती बेरीज सांगतो, मला फोड हवी होती. वहीत चार रकाने आखले: लढाई, हजेरी, दुकान, वाट पाहणे. दर वेळी खेळ उघडला की स्टॉपवॉच.

'हजेरी' म्हणजे काय ते कळावं म्हणून मंगळवार सकाळचं एक लॉगिन जसंच्या तसं देते. खेळ उघडला, अकरा लाल ठिपके. पहिल्या पडद्यावर एक ऑफर, फुलीचं चिन्ह कोपऱ्यात इतकं फिकट की दोनदा चुकलं. रोजचं बक्षीस, 'घ्या'. क्लॅनचं बक्षीस, 'घ्या'. सहा खाणींवर एकेक टिचकी. दोन गिरण्यांवर टिचकी. तीस सेकंदांची जाहिरात पाहून पन्नास नाणी. टपालात तीन पत्रं, तिन्ही वाचली नाहीत, तिन्हींमधलं सामान घेतलं. कोणी लुटलं ते पाहिलं. एकाला तिरंदाज दान. दुकानावर लाल ठिपका होता, तो घालवायला दुकान उघडलं, आत 'मोफत' लिहिलेली एक पेटी, तिच्यात दहा नाणी. ठिपके संपले. ४ मिनिटं १० सेकंद. या सगळ्यात मी एकही निर्णय घेतला नाही. प्रशिक्षित कबुतरानेही हे केलं असतं.

सात दिवसांची बेरीज ३८० मिनिटं. फोनच्या सरासरीपेक्षा जरा जास्तच, वही समोर असल्याचा परिणाम असेल. त्यातली लढाई आणि क्लॅनशी बोलून आखणी ९५ मिनिटं. हजेरी २१०. आणि दुकानात नुसतं बघत उभं राहणं ७५! काही न घेणारी बाई आठवड्यात सव्वा तास दुकानात. हे लिहितानाही कानकोंडं होतंय.

पण खरी मजा चौथ्या रकान्यात आहे. 'वाट पाहणे' सातही दिवस कोरा राहिला. आधी वाटलं लिहायचं राहिलं. मग लक्षात आलं, लिहिणार काय? बुरूज बांधला जात होता तेव्हा मी खेळात नव्हतेच. मी भाषांतरित कादंबरीची एकशे ऐंशी पानं तपासत होते, झोपले होते, भांडत होते. ते नऊ दिवस घड्याळाचे आहेत. माझं त्यातलं एक मिनिटही गेलेलं नाही. आणि पास ज्यातला पाचवा हिस्सा कमी करणार तो हा रकाना! माझी खरी मिनिटं जातात ती हजेरीत, आणि तिथे पास काही कमी करत नाही. उलट बुरूज लवकर झाला की कारागीर लवकर मोकळा, म्हणजे मला लवकर येऊन त्याला कामाला लावायला हवं.

क्लॅनमधल्या एका पासवाल्या मित्राला गळ घातली, तूही आठवडाभर लिही. त्याचे आले ५५० मिनिटं. एकट्याच्या आकड्यावरून काही ठरत नाही, तो गडी मुळात माझ्यापेक्षा हौशी आहे. पण त्याच्या वहीत एक रकाना होता जो माझ्याकडे नव्हता: 'पासची कामं', १६० मिनिटं. त्यात गुरुवारी रात्री साडेअकराला केलेल्या सहा लढाया. मी विचारलं, मजा आली का? म्हणाला, 'नाही, मुदत संपत होती.'

@शक्यताशक्यता, तुमचं ते बारीक अक्षरांचं पान शोधलं. चौथ्या पडद्यावर आहे. त्यात 'शक्यता'चा 'श्यकता' झालाय. कळवलंय त्यांना, फुकट.

@रातघुबड, अकरा पानांच्या कारागिराजवळ बराच वेळ रेंगाळले. कायमचा आहे, तुमच्या नियमात बसतो. पण माझ्या वहीच्या हिशेबाने तो आणखी एक माणूस आहे ज्याला रोज काम सांगावं लागेल. तुमच्याकडे पहाटे तीन ते पाच रिकामे आहेत, तुम्हाला तो परवडतो. माझ्याकडे आहे ती माणसंच मला उठवतात.

तेव्हा सध्या काही घेतलेलं नाही. सूचना बंद केल्या. खाणी दिवसातून दोनदाच, संध्याकाळी लढाई, दुकानाचा लाल ठिपका तसाच राहू दिलाय. तो ठिपका फार त्रास देतो, एखाद्या ओळीत विराम सुटलेला दिसावा तसा. @पडद्यामागची, हाही कोणीतरी शीटमध्येच लिहिलेला असणार ना?

पडद्यामागची:

हो. त्या रंगावरही मिटिंग झाली होती.

रातघुबड:

ताई, हरलो. पण कारागिराचं मी अजून सोडलेलं नाही, तुमचा हजेरीचा वेळ उतरला की पुन्हा विचारीन. एक सांगा, दिवसातून दोनदाच जाताय तर कोठाराचं काय?

कानामात्रा:

रोज साफ. काल तर एकाच दुपारी दोघे येऊन गेले. बुरूज आज पूर्ण झाला म्हणे, दुपारी कधीतरी. मला संध्याकाळी कळलं.